ताडोबा, पेंच, कान्हा: लग्नानंतरचे दहा दिवस आणि त्याआधीचे चार महिने

हनिमूनला जंगलात जायचं ठरवलं की बहुतेक जोडपी आधी नकाशा उघडतात. नागपूरहून ताडोबा किती, तिथून पेंच किती, कान्हा किती. मग रिसॉर्ट शोधतात आणि सफारीचं परमिट शेवटी बघतात. गाडी अडते ती इथेच. अंतरं कमी असतात, रस्ते बरे असतात, पण परमिट संपलेलं असतं किंवा नेमका तो दिवस सुट्टीचा निघतो. म्हणून क्रम उलटा धरा: आधी वार, मग परमिट, मग मुक्काम आणि सगळ्यात शेवटी रस्ता.

दोन वार पाठ करा. ताडोबा मंगळवारी बंद असतं. मध्य प्रदेशातली उद्यानं, म्हणजे पेंचचा तुरिया भाग आणि कान्हा, बुधवारी दुपारी बंद असतात. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद. होळीच्या दिवसांतही वेळापत्रक एकदा तपासून घ्यावं. या सुट्ट्या अडचण म्हणून न बघता सहलीत बसवून टाकल्या तर फार सोय होते. मंगळवार गाडी चालवायला, बुधवारची दुपार झोपायला.

त्यावरून बसणारं दहा रात्रींचं वेळापत्रक असं. शनिवारी दुपारी नागपूर सोडायचं, उमरेड, भिसी, चिमूर करत ताडोबाच्या कोलारा गेटला पोचायचं. साधारण ११० किलोमीटर, अडीच तास. रविवार-सोमवार ताडोबा. मंगळवारी ताडोबा बंद, त्या दिवशी नागपूरचा बाह्यवळण रस्ता धरून पेंचच्या महाराष्ट्रातल्या बाजूला, सिल्लारीला मुक्काम. सुमारे १८० किलोमीटर, चार तास. बुधवारी सावकाश उठून तासाभरावरच्या तुरियाला जायचं आणि दुपार मोकळी ठेवायची. गुरुवारी तुरिया गेटची सफारी. शुक्रवारी सिवनी, बालाघाट, बैहर या मार्गाने कान्ह्याच्या मुक्की गेटला. २३० किलोमीटरच्या आसपास, पण साडेपाच तास धराच. शनिवार-रविवार कान्हा. सोमवारी बैहर, बालाघाट करत गोंदियाला मुक्काम, मंगळवारी नागपूर. सगळं मिळून साडेआठशे-नऊशे किलोमीटर होतात. दहा दिवसांत ते अजिबात जास्त नाही, आणि जास्त नसावंच. यात बांधवगड घुसवायचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. मुक्कीहून बांधवगड म्हणजे जाण्यात एक आणि येण्यात एक, असे दोन पूर्ण दिवस जातात.

मध्य प्रदेशातल्या उद्यानांचं ऑनलाइन बुकिंग १२० दिवस आधी उघडतं. जानेवारीच्या मध्यावर लग्न असेल तर सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे गणपतीच्या आसपास, परमिट काढायला बसावं लागतं. तेव्हा घरी हॉल, आचारी आणि बस्ता यांची चर्चा चालू असते आणि सफारी कोणाच्या डोक्यातही नसते. हे काम दोघांपैकी एकाने आपल्याकडे घ्यावं आणि तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवावी. कान्ह्याचे शनिवार-रविवार सगळ्यात आधी संपतात, म्हणून सुरुवात तिथून करा, पेंच त्यानंतर. ताडोब्याला बफरचे, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलाचे, बरेच पर्याय असल्यामुळे तिथे शेवटच्या महिन्यातही काही ना काही मिळतं. २० डिसेंबर ते ५ जानेवारी हा काळ मात्र सरळ सोडून द्या. त्या पंधरवड्यात सगळं दुप्पट महाग असतं आणि एका वाघामागे सफारीच्या वीस उघड्या जिप्सी असतात.

आता नवविवाहितांची म्हणून खास अडचण. परमिटवर ओळखपत्राप्रमाणे नाव आणि क्रमांक लागतो, आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. परमिट काढताना मुलीचं आधार माहेरच्या नावाचं असतं. लग्न झाल्यावर कोणीतरी उत्साहाने आठवड्यात आधार बदलून घेतं, आणि मग गेटवरच्या माणसाच्या हातातल्या कागदावर एक नाव, कार्डावर दुसरं. परमिटवरचं नाव बदलता येत नाही, ते दुसऱ्याला देताही येत नाही. त्यामुळे आधार, मतदार ओळखपत्र, जे काही परमिटला दिलं असेल ते सहल संपेपर्यंत जसंच्या तसं राहू द्या. नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्सवर विसंबू नका.

लग्न आणि निघणं यांत किमान चार दिवस ठेवा. सत्यनारायण, मांडवपरतणी, कुलदैवताचं दर्शन हे होणारच आहे, आणि जेजुरी किंवा तुळजापूरहून रात्री परतून पहाटे गाडी काढणं ही धोक्याची गोष्ट आहे.

दुसरी हमखास चूक गेटची. ताडोबाला कोअरमध्ये जायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी वेगवेगळी प्रवेशद्वारं आहेत आणि परमिट गेटनिहाय असतं. रिसॉर्ट कोलाऱ्याला आणि परमिट मोहर्लीचं निघालं, तर नकाशात दोन ठिपके जवळ दिसले तरी मधला रस्ता जंगलातून जातो आणि तो तुमच्यासाठी बंद असतो. बाहेरून फिरून जायला दोन तासांहून जास्त लागतात. पहाटे साडेपाचला हजर व्हायचं असेल तर अडीचला उठा! कान्ह्यातही खटिया आणि मुक्की यांच्यात बाहेरच्या रस्त्याने दीड-दोन तास जातात, आणि परमिटवर कान्हा, किसली, मुक्की, सरही यांपैकी झोन लिहिलेला असतो. म्हणून आधी परमिटचं गेट नक्की करायचं आणि मग त्या गेटपासून पाच-सात किलोमीटरच्या आत राहायची जागा बघायची. मोबाइलवरचा नकाशा जवळचा रस्ता म्हणून तुम्हाला जंगलाच्या नाक्यावर नेऊन सोडू शकतो. वाटेतली गावं टाकूनच मार्ग आखा: चिमूर, खवासा, सिवनी, बालाघाट, बैहर.

सफाऱ्या किती, हा प्रश्न पैशांचा वाटतो, पण तो खरा पाठीचा आणि झोपेचा आहे. दिवसाला दोन सफाऱ्या म्हणजे पहाटे साडेचार ते रात्री सात, मध्ये जेमतेम तीन तास. चार दिवस असं केलं की दोघंही चिडचिडे होतात. माझ्या मते दहा दिवसांत सहा सफाऱ्या पुष्कळ झाल्या: ताडोब्याला दोन सकाळच्या, पेंचला एक सकाळची आणि एक दुपारची, कान्ह्याला दोन सकाळच्या. ताडोब्याच्या दोहोंपैकी एक कोअर आणि एक बफर घ्या. अलिझंझा, मदनापूर, कोलारा-चौरादेव हे बफर कोलाऱ्याच्या बाजूने सोयीचे पडतात आणि वाघ दिसण्यात कोअरपेक्षा कमी नाहीत. वाघाला सीमारेषा कळत नाही.

जिप्सीत पर्यटकांच्या सहा जागा असतात. पूर्ण गाडी घेतली तर दोघांसाठी सहा जणांचा खर्च पडतो. एक-एक जागा घेतली तर अनोळखी चौघं सोबत येतात. सगळ्या सफाऱ्यांना पूर्ण गाडी घेण्याची गरज नाही. पण प्रत्येक जंगलात निदान एकदा ती घ्या, कारण मग वाघाच्या मागे धावायचं की पाणवठ्यावर तासभर गप्प बसायचं हे तुम्ही गाइडला सांगू शकता. चालकामागची पहिली रांग कमी हादरते. मागची रांग उंच असते, दिसतं छान, पण ती मागच्या चाकांवर येत असल्यामुळे प्रत्येक खड्डा मणक्यात जातो. मध्य प्रदेशात ऑनलाइन भरलेली रक्कम परमिटची असते. जिप्सी आणि गाइड यांचे पैसे वेगळे, तिथेच द्यायचे. गेटजवळ नेटवर्क मिळेलच असं नाही, तेव्हा यूपीआयवर भिस्त नको. प्रत्येक उद्यानात शिरताना आठ-दहा हजार रुपये रोख, त्यातही शंभर-दोनशेच्या नोटा, जवळ असाव्यात.

थंडीचा अंदाज शहरातल्या माणसाला येत नाही. जानेवारीत कान्ह्याच्या मैदानांवर पारा शून्याच्या जवळ उतरतो, गवतावर दहिवर गोठतं, आणि तुम्ही उघड्या गाडीत ताशी वीसच्या वेगाने वारा खात असता. एक जाड जॅकेट पुरत नाही. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर, वरून वारा अडवणारं विंडचीटर, कानटोपी, हातमोजे आणि दोन जोड मोजे. रिसॉर्टवाल्याला आदल्या रात्रीच ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी मागून ठेवा. बहुतेक ठिकाणी देतात. नऊ वाजता ऊन चढलं की हे सगळं एकेक करून काढायचं असतं, म्हणून आतला शर्टही खाकी, मातकट किंवा हिरवट हवा. लाल, पांढरा, भगवा नको. अत्तर नको.

आणि चुडा. नव्या नवरीच्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या असतात. जिप्सी खडकाळ रस्त्यावर उसळली की त्या किणकिणतात, आणि ज्या क्षणी गाइड इंजिन बंद करून सांबराच्या आवाजाकडे कान देतो तेव्हा तो आवाज सगळ्या गाडीला ऐकू येतो. गाडीच्या लोखंडी दांड्यावर आपटून काचाही फुटतात. चुडा उतरवायचा नसेल, घरच्यांना ते आवडणार नसेल, तर बांगड्या मनगटाकडून वर सरकवून त्यावर खेळाडू वापरतात तो रुंद इलॅस्टिकचा पट्टा चढवा आणि वरून लांब बाही घ्या. आवाज पूर्ण थांबतो. मंगळसूत्र कपड्यांच्या आत.

सकाळची सफारी चार-साडेचार तासांची असते आणि ठरलेले थांबे सोडले तर गाडीतून कुठेही उतरता येत नाही. शौचालयं आत ठराविक ठिकाणीच आहेत. निघण्यापूर्वी चहा अर्धा कपच घ्या, पाणी घोट-घोट. मासिक पाळीच्या तारखा परमिट काढतानाच डोळ्यासमोर ठेवल्या तर पुढचा त्रास वाचतो. यात लाजण्यासारखं काही नाही. नाश्त्याचा डबा रिसॉर्ट देतं. तो ठरलेल्या थांब्यावरच उघडायचा. नागपूरचे तर्री पोहे सफारीच्या आदल्या रात्री नको, निघायच्या शनिवारी सकाळी खा.

मोबाइल कोअरमध्ये नेऊ देत नाहीत. फोटो हवे असतील तर कॅमेरा लागेल. मोठी लेन्स नसेल तर निदान एक ८×४२ (आठपट जवळ दाखवणारी) दुर्बीण घ्या. दोघांत एक पुरते असं वाटतं, पण पुरत नाही.

गाडीबद्दल थोडं. पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन येणार असाल तर समृद्धी महामार्ग आता ७०१ किलोमीटर पूर्ण आहे, शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. आठ तासांत नागपूर होतं, आणि धोकाही त्यातच आहे. सरळ, एकसारखा रस्ता, वेगमर्यादा १२०, डोळ्यांवर गुंगी येते. टायर तापून फुटतात. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुना टायर नक्षी शाबूत दिसली तरी या रस्त्यावर नेऊ नका. हवा सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर ‘पूर्ण भार’ म्हणून दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. कमी हवेने कडा जास्त वाकतात आणि त्याच तापतात. दर दोन तासांनी उतरा, चालक बदला. आणि नागपूरला एक रात्र काढा, त्याच दिवशी पुढे कोलाऱ्याला जाऊ नका.

रेल्वेने किंवा विमानाने येऊन नागपुरात गाडी भाड्याने घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. चालकासह टॅक्सी घेतली तर मध्य प्रदेशचा कर भाड्यात धरला आहे का, हे लेखी विचारा. नाही तर राज्याच्या सीमेवरच्या खवाश्याच्या पुढे तो तुमच्या खिशातून जातो. स्वतः चालवायची गाडी असेल तर दुसऱ्या राज्यात न्यायची परवानगी कागदावर बघा. डिकीत बारा व्होल्टचा हवा भरायचा पंप, ट्यूबलेसचा पंक्चर-संच, टॉर्च आणि पाच लिटर पाणी. पेट्रोल चिमूर, सिवनी आणि बालाघाटला भरून घ्या, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. आणि सहानंतर जंगलालगतच्या रस्त्यांवर गाडी नको. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचमधून जातो तिथे तो प्राण्यांसाठी खांबांवर उचललेला आहे. महाराष्ट्रातल्या बाजूला असे नऊ मार्ग आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटरचा, आणि वरच्या गाड्यांचा आवाज-उजेड अडवायला भिंती आहेत.  पण कुरई घाटापुढे, बैहरच्या वाटेवर किंवा कोलाऱ्याच्या आतल्या रस्त्यावर अशी काही सोय नाही. तिथे नीलगाय थेट बॉनेटसमोर येते.

सिल्लारीची ती मंगळवारची रात्र मुद्दाम ठेवली आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपणाऱ्या उद्यानाचा, दर्जा मिळाला, भारतातला पहिलाच. सिल्लारी, वाघोली आणि आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवला आहे, आणि वाघोलीजवळ दुर्बिणीची सोय आहे. त्यासाठी चंद्र नको. कालनिर्णय उघडून असा आठवडा शोधा की ज्याचा मंगळवार अमावास्येच्या आसपास ते शुक्ल चतुर्थीपर्यंत पडतो. चतुर्थीचा चंद्रही सूर्यास्तानंतर तीनेक तासांत मावळतो. घरची मोठी माणसं अमावास्येला निघू देत नाहीत, पण तुम्ही शनिवारीच निघालेले असता, त्यामुळे तो प्रश्न सहसा येत नाही. जानेवारीत आठ-नऊच्या सुमारास मृग नक्षत्र आणि व्याध छान वर आलेले असतात, कृत्तिकांचा पुंजका डोक्यावर.

अजून एक गोष्ट बघायची राहिलेली असते. सप्तपदी झाल्यावर भटजी ध्रुव आणि अरुंधती दाखवा म्हणतात, आणि नवरा हॉलच्या छताकडे बोट करतो. अरुंधती खरोखर बघायची असेल तर सप्तर्षींची शेपटी धरा. टोकाकडून दुसरा तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी लगटून जो बारीक ठिपका आहे ती अरुंधती. नुसत्या डोळ्यांनी दिसते, शहरातल्या उजेडात मात्र हरवते. जानेवारीत सप्तर्षी रात्री दहानंतर ईशान्येला शेपटीसकट पूर्ण उगवतात आणि क्षितिजाजवळच्या धुरकटपणात नीट दिसत नाहीत. पहाटे पाचला ते उत्तरेला उंच असतात. म्हणजे सिल्लारीला झोपमोड करायची नसेल तरी चालतं. तुरियाला किंवा मुक्कीला गेट उघडायची वाट बघत जिप्सी रांगेत उभी असते, मोबाइल जमा झालेले असतात, अंधार असतो. तेव्हा उत्तरेकडे मान वळवा.

वाघाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यासाठीच सगळे जातात. एवढंच करा: वाघ शोधू नका, आवाज ऐका. चितळाची शीळ, सांबराचा भोंगा, वानराचा खकारा. चितळ उगाचही ओरडतं. सांबर ओरडलं तर तिथे काहीतरी आहे असं धरा आणि गाइडला गाडी थांबवायला सांगा.

कान्ह्यात मात्र वाघाच्या नादात बारशिंगा सोडू नका. कडक जमिनीवरचा हा बारशिंगा १९७० च्या सुमारास कान्ह्यात ६६ वर आला होता. कुंपणात सुरक्षित वीण, गवताळ मैदानांची निगा, गावांचं पुनर्वसन असं करत आज तो हजाराच्या घरात आहे. डिसेंबर-जानेवारी हा त्यांचा माजाचा काळ. नर दलदलीत उतरतो, शिंगं गवतात घुसळतो आणि वर काढतो तेव्हा दोन्ही शिंगांवर ओल्या गवताचे झुपके लोंबत असतात, डोळ्यांवरून खाली आलेले, बाशिंग बांधल्यासारखे. तसाच तो माद्यांच्या कळपाकडे चालत जातो. मुक्कीच्या मैदानांवर सकाळी साडेसात ते नऊ ही त्याची वेळ. त्या वेळात बाकीच्या गाड्या वाघाच्या खबरीवर पळाल्या तरी चालकाला थांबा म्हणा.

सोमवारी गोंदियाला मुक्काम का, तर मंगळवारच्या सकाळसाठी. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरले आहेत ते या भागात, गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांत. गोंदिया तालुक्यात परसवाडा तलावाच्या बाजूला उजाडताना जा. गाडी डांबरी रस्त्यावरच उभी करा, बांधावर उतरू नका, दुर्बिणीतून बघा. उंची माणसाएवढी, मान लाल, अंग राखाडी. एकटा सहसा दिसत नाही. एक दिसला की दुसरा दहा-वीस पावलांवर असतोच. एकाने मान वर करून हाक दिली की दुसरा त्याच दमात ती उचलतो, आणि दोन आवाज आहेत हे नीट कान दिल्याशिवाय कळत नाही. नऊपर्यंत ते शेतांच्या मध्यावर सरकतात. तिथून नागपूर तीन-साडेतीन तास, दुपारच्या जेवणाला पोचता.